हॅम रेडिओ: किट जुळवायचं की तयार संच घ्यायचा?

पुण्याच्या तपकीर गल्लीत काउंटरवर उभं राहून टोरॉइड, म्हणजे तार गुंडाळून कॉइल करायची कडी, मागितला, की बरेचदा समोरून पिवळ्या-पांढऱ्या रंगाची एक गोल कडी येते. जुन्या कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, एसएमपीएसमधून, काढलेली. रेडिओच्या किटमध्येही पिवळी कडी असते, आणि ती दिसायला हिची सख्खी बहीण. फक्त तिची दुसरी बाजू पांढरी नसून करडी असते. आतलं द्रव्य मात्र पार वेगळं. एसएमपीएसची कडी शंभर किलोहर्ट्झच्या आतबाहेरच्या कामासाठी घडवलेली असते. सात मेगाहर्ट्झची कॉइल तिच्यावर गुंडाळली तर ती शक्ती गिळते आणि तापत बसते. पहिल्या वर्षी मी हीच कडी बसवली होती आणि आठवडाभर नसती ट्रान्झिस्टरं बदलत होतो.

हॅम रेडिओसाठी, म्हणजे परवाना काढून हौस म्हणून स्वतःच्या संचावरून हवेत बोलण्यासाठी, किट घ्यावं की तयार संच, असं विचारायला कुणी घरी आलं की मी आधी या दोन कड्या हातात देतो. 'हा फरक मला कळायलाच हवा' असं ज्याला वाटतं त्याची वाट एकीकडे जाते. 'काका, मला फक्त नाशिकच्या मित्राशी बोलायचंय' असं जो म्हणतो त्याची दुसरीकडे. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. फसगत होते ती किट स्वस्त पडेल या हिशेबाने घेतलं जातं तेव्हा. मग अर्धा सोल्डर केलेला बोर्ड कपाटात जातो आणि परवाना काढलेला माणूस हवेत येतच नाही. असे तीन बोर्ड तरी मी लोकांच्या कपाटांतून बाहेर काढले आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं आहे. म्हणून या निर्णयाची सुरुवात किमतीपासून करू नका. ज्या क्रमाने पुढे लिहिलं आहे त्या क्रमाने जा.

आधी परवाना

हौशी रेडिओचा परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. अर्ज सरल संचार पोर्टलवरून होतो. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. नवे लोक बहुतेक रिस्ट्रिक्टेड वर्गापासून सुरुवात करतात. त्यात मोर्स लागत नाही आणि कॉलसाइन, म्हणजे हवेतलं तुमचं नाव, व्हीयू३ ने सुरू होतं. जनरल वर्गाचं व्हीयू२ ने.

ट्रान्समीटर परवाना हातात आल्यावरच घरात आणा, मग तो खोक्यातला तयार असो नाहीतर पुड्यांमधला किट असो. परवान्याशिवाय तो नुसता जवळ बाळगणंही कायद्यात बसत नाही. अर्ज, परीक्षा आणि परवाना यांत काही महिने जातात आणि त्या काळात हात शिवशिवतात, हे मला ठाऊक आहे. पण तो काळ वाया जात नाही. ट्रान्समीटर तपासायचा डमी लोड, पॉवर सप्लाय, अँटेना, हे सगळं तेव्हाच करायचं असतं. किट की तयार, याचं खरं उत्तरही याच कामांतून मिळतं.

हवेत नेमकं काय करायचंय?

पुण्यातल्या पुण्यात, दोन मीटरवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये एफएमवर गप्पा मारायच्या असतील तर फार विचार नको. तयार हँडहेल्ड घ्या. आजकाल या संचांत जवळजवळ अख्खा रेडिओ एका चिपमध्ये असतो. तो हाताने जुळवून फारसं शिकायला मिळत नाही आणि पैसेही वाचत नाहीत.

खरा प्रश्न एचएफचा, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झमधल्या लांब पल्ल्याच्या बँडांचा. चाळीस मीटरचा बँड आपल्याकडे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. दिवसा त्यावर महाराष्ट्र आणि शेजारची राज्यं, अंधार पडला की त्याहून लांबचे देश. वीस मीटरवर, १४.० ते १४.३५ मध्ये, परदेशातली स्टेशनं. इथे तुम्ही आवाजात बोलणार, मोर्स वाजवणार की कॉम्प्युटर जोडून डिजिटल करणार, यावर सगळं ठरतं.

कारण बहुतेक किट पाच-दहा वॅटची असतात आणि तयार टेबल-संच शंभर वॅटचे. पाच आणि शंभरमधलं अंतर १३ डेसिबलचं. येणाऱ्या संकेताची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचं एक घर सहा डेसिबलचं, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर दोन घरांहून थोडा जास्त फरक. शांत बँडवर दोन घरं काहीच नाहीत. पण मे महिन्यात, वळवाच्या ढगांचा कडकडाट चाळीस मीटरभर चाललेला असताना, त्याच दोन घरांत तुमचं कॉलसाइन ऐकू येतं किंवा बुडतं. एसएसबीचा, म्हणजे एचएफवर बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीचा, आवाज अडीच-एक किलोहर्ट्झ रुंद असतो, आणि तेवढ्या रुंदीतला सगळा गोंगाट समोरच्याच्या कानात जातो. मोर्सला दोन-तीनशे हर्ट्झचा फिल्टर पुरतो. एफटी८ हा डिजिटल प्रकार, जो जोसेफ टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणला, तो तर कानाला ऐकू न येणारे संकेतही पंधरा-पंधरा सेकंदांच्या खेपांत उलगडतो. पाच वॅट मोर्सला आणि एफटी८ ला छान पुरतात. आवाजाला पुरतात, पण चिकाटी मागतात. आणि नव्या माणसाला 'कुणी उत्तरच देत नाही' हे तिसऱ्या दिवशी सहन होत नाही.

'किट' म्हणजे नेमकं किती काम?

किट हा शब्द आज तीन वेगळ्या गोष्टींना लावला जातो. विकत घेण्याआधी आपला कोणत्या जातीचा आहे ते बघाच.

पहिली जात: सगळे सुटे भाग पुड्यांत आणि एक कोरा बोर्ड. प्रत्येक रेझिस्टर तुम्ही लावायचा. दुसरी: बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे बारीक एसएमडी भाग कारखान्यातूनच बसवलेले, आणि मोठे भाग, कॉइल, सॉकेटं तुम्ही लावायची. क्यूआरपी लॅब्जचा क्यूएमएक्स असा आहे. पाच वॅट, अनेक बँड, मुळात मोर्स आणि डिजिटलसाठी बेतलेला. त्यात सोल्डरिंग थोडं दिसतं, पण टोरॉइड गुंडाळायला जीव ओतावा लागतो. तिसरी: बोर्ड पूर्ण तयार आणि तपासलेला, तुम्ही त्याला डबा, स्पीकर, नॉब, सॉकेटं जोडायची.

या तिसऱ्या जातीचं नाव घेतलं की आपल्या हैदराबादच्या अशर फरहान यांची आठवण होतेच. त्यांचं कॉलसाइन व्हीयू२ईएसई. त्यांनी बिटएक्स हा एसएसबी संच मुळात असा आखला की कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील तेच भाग त्यात लागावेत. पुढे तयार बोर्डाच्या रूपात बिटएक्स-४० आला आणि २०१७ मध्ये मायक्रो-बिटएक्स: ३ ते ३० मेगाहर्ट्झ, खालच्या बँडवर दहाएक वॅट, आत आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि सगळा आराखडा जगाला खुला. भारतात बसून आवाजाचा संच स्वतः जुळवता येतो, ही हिंमत आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना या माणसाने दिली. त्याचे आभार मानावे तेवढे थोडे आहेत.

तिसऱ्या जातीचं किट जुळवायला एक शनिवार-रविवार पुरे. दुसरीला, रोज संध्याकाळी तास-दीड तास बसलात तर, दोन ते तीन आठवडे धरा. पहिलीला त्याहून जास्त, आणि दोष शोधायचा वेळ वेगळा.

खर्चाचा कागद

किट स्वस्त, हा समज आला कुठून? एकेकाळी तो खरा होता. भाग हाताने जोडायची मजुरी महाग होती, ती मजुरी तुम्ही घरी केलीत की पैसे वाचत. अमेरिकेतली हीथकिट कंपनी याच हिशेबावर चालली. यंत्रं बोर्ड भरू लागली आणि तो हिशेब मोडला. हीथकिटने १९९२ मध्ये किटचा धंदा बंद केला.

आज कागदावर दोन रकाने पाडा. किटच्या रकान्यात किटची किंमत, परदेशातून येत असेल तर टपालखर्च आणि कस्टम्स ड्युटी. त्याखाली: २५ वॅटचा चांगला सोल्डरिंग आयर्न, बारीक ६०/४० सोल्डर, डिसोल्डर पंप, साइड कटर, मल्टिमीटर, भिंग असलेला दिवा, करंट लिमिट लावता येणारा बेंच पॉवर सप्लाय, डबा, सॉकेटं. माझी जुनी वही सांगते की पहिल्या किटच्या वेळी किटच्या किमतीइतकाच पैसा पुन्हा या खालच्या यादीवर गेला. दुसऱ्या किटला त्यातलं काहीच लागलं नाही. म्हणजे आयुष्यात एकच किट करणार असाल तर ते महाग पडतं.

तयार संचाच्या रकान्यात संच आणि पॉवर सप्लाय. हा दुसरा आकडा लोक विसरतात. आयकॉमचा आयसी-७३०० घ्या: बोलताना १३.८ व्होल्टवर २१ अँपिअरपर्यंत ओढतो. मोबाइलच्या चार्जरसारखी ही गोष्ट नाही, ३० अँपिअरचा दणकट सप्लाय लागतो.

दोन्ही रकान्यांत सारखीच येणारी गोष्ट म्हणजे अँटेना आणि केबल. ती विकत घेऊ नका, स्वतः करा. तयार संच घेणाऱ्यानेही. हा माझा आग्रहच आहे.

आणखी एक: तयार संच तीन वर्षांनी दुसऱ्या परवानाधारकाला विकता येतो, तुमच्या हातचं किट सहसा नाही.

दोन रविवारांची परीक्षा

आता मुख्य गोष्ट. किट झेपेल की नाही याचं उत्तर डोक्यात शोधू नका, हाताला विचारा. शंभर-दोनशे रुपयांच्या भागांत हे कळतं.

पहिल्या रविवारी डमी लोड करा. अँटेनाच्या जागी लावायचा हा ५० ओहमचा रेझिस्टर. यावर ट्रान्समीटर तपासता येतो आणि हवेत काही जात नाही. बुधवार पेठेतून १ किलोओहम, २ वॅटचे वीस रेझिस्टर आणा. कार्बन किंवा मेटल फिल्मचे मागा. वायरवाउंड नकोत, कारण ते स्वतःच कॉइल असतात. कॉपर क्लॅड बोर्डाचे दोन तुकडे कापा, त्यांत वीस-वीस भोकं पाडा आणि रेझिस्टर दोन्ही तुकड्यांच्या मध्ये शिडीच्या दांड्यांसारखे उभे सोल्डर करा. हजार भागिले वीस, म्हणजे पन्नास ओहम. वीस गुणिले दोन, म्हणजे चाळीस वॅट. एका तुकड्याला सॉकेटचा मधला पिन, दुसऱ्याला बाहेरचा भाग. मल्टिमीटरवर पन्नासच्या आसपास आकडा आला की झालं.

त्यालाच एक वॅटमीटर जोडता येतो. सॉकेटच्या मधल्या पिनवरून एक १एन४१४८ डायोड, त्याच्या पट्टीच्या टोकाला '१०३' लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर, कपॅसिटरचं दुसरं टोक जमिनीला. डायोड आणि कपॅसिटरच्या सांध्यावर मल्टिमीटर डीसी व्होल्टमध्ये लावा. येईल त्या आकड्यात ०.६ मिळवा, वर्ग करा, शंभराने भागा. पाच वॅटला मीटर साधारण २२ व्होल्ट दाखवेल. हा जोड पाच-दहा वॅटच्या संचांसाठी आहे. शंभर वॅटवर तो छोटा डायोड टिकणार नाही.

दुसऱ्या रविवारी एक टोरॉइड गुंडाळा. लाल रंगाचा टी३७-२ मागवून घ्या, गल्लीत 'चालेल हो' म्हणून मिळेल तो नको. साधारण २८ गेजची वाइंडिंग वायर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. सोळा वेढे घ्या. वेढा मोजायचा तो तार भोकातून जाते तेव्हा. नुसती एकदा आरपार गेली तरी तो एक वेढा. सोळा वेढ्यांना साधारण १.०२ मायक्रोहेन्री येतो, सतरा झाले की १.१६. एका वेढ्याने जवळजवळ तेरा टक्के फरक! फिल्टर का चुकतात ते इथे समजतं. मग टोकांवरचं इनॅमल पॉलिश पेपरने चहूबाजूंनी खरवडा, टोकं सोल्डरने चकचकीत करा आणि मल्टिमीटर बीप देतो का पहा. परदेशी किटमधल्या बऱ्याच तारांचं इनॅमल आयर्नच्या उष्णतेनेच जळून जातं. आपल्याकडची मोटरची तार उष्णता सोसण्यासाठीच बनवलेली असते, ती खरवडावीच लागते.

आता स्वतःला विचारा. वेळ कसा गेला ते कळलं नाही, का घड्याळाकडे लक्ष होतं? चुकलेला जोड पुन्हा काढताना चिडचिड झाली, का 'असं होतं तर' असं वाटलं? पंचेचाळिशीपुढच्यांनी आणखी एक बघावं: चष्म्यासकट, भिंगाच्या दिव्याखाली, जोड स्पष्ट दिसला का? दिसत नसेल तर पहिल्या जातीच्या किटचा हट्ट सोडा, तिसऱ्या जातीचं घ्या. त्यात कमीपणा वाटायचं काहीच कारण नाही.

घर काय म्हणतं ते ऐका

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी संच ठरवण्याआधी गोंगाट ऐकावा. एखाद्या परवानाधारक हॅमला त्याचा छोटा एचएफ रिसीव्हर स्वतः घेऊन यायला सांगा, बॅटरीवर चालवा, गॅलरीतून पाच-सहा मीटर तार सोडा आणि चाळीस मीटर ऐका. मग घराचा मेन स्विच बंद करून पुन्हा ऐका. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर, छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर, लिफ्टची मोटर, हे सगळे एचएफवर गुणगुणतात. दिवाळीत माळा लागल्या की वेगळंच. मेन बंद केल्यावर गोंगाट पडला तर दोष घरातला आहे, काढता येतो. तसाच राहिला तर तो इमारतीचा किंवा गल्लीचा. अशा घरात पाच वॅटचं किट असो की शंभर वॅटचा संच, समोरचाच ऐकू येणार नाही, आणि बिचाऱ्या किटला उगाच बोल लागतो.

गच्चीवर तार लावता येत असेल तर चाळीस मीटरचा डायपोल सगळ्यात सोपा. १४३ भागिले ७.१, म्हणजे वीस मीटरला थोडी जास्त तार. दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. आधी अर्धा मीटर जास्त ठेवा, नॅनोव्हीएनए हे अँटेना मोजायचं छोटं यंत्र लावून थोडी थोडी कापत जा. मधला भाग पाण्याच्या टाकीजवळ उंच, टोकं खाली उतरती. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी सांगितलं होतं, "काका, टॉवर नाही हो, नुसती तार आहे. वळवाच्या आधी उतरवतो." ते म्हणाले, "गणपतीत माळा सोडतो तशीच ना? सोडा." परवान्याची प्रत दिली, काम झालं. विजा चमकण्याच्या दिवसांत तार खरंच उतरवा किंवा केबल काढून घराबाहेर ठेवा.

गच्ची मिळत नाही आणि घरात गोंगाट आहे? मग पुण्याला टेकड्या आहेत. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी. आणि इथे किट बाजी मारतं. आयसी-७३०० नुसता ऐकत बसला तरी ०.९ अँपिअर खातो, क्यूएमएक्ससारखं किट शंभर मिलिअँपिअरच्या आत. सहा अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पाठीवर नेलीत तर ती पहिल्याला सहा-साडेसहा तास पुरेल, तेही बोलला नाहीत तर. दुसऱ्याला साठ. पहाटे वेताळ टेकडीवर एक झाड, एक तार आणि अर्ध्या किलोहून हलका संच घेऊन बसण्यात जे सुख आहे ते मला आजवर घरातल्या टेबलावर मिळालेलं नाही.

तर मग काय घ्यावं?

आवाजात बोलायचंय, गच्ची मिळतेय, दोन रविवारांची परीक्षा कंटाळवाणी गेली: तयार संच, शक्यतो वापरलेला, शंभर वॅटचा.

मोर्स शिकताय किंवा डिजिटल करायचंय, परीक्षेत मजा आली: दुसऱ्या जातीचं किट, बेलाशक.

आवाजही हवा आणि आत काय चालतं तेही बघायचंय: तिसऱ्या जातीचं, मायक्रो-बिटएक्ससारखं.

शाळा-कॉलेजच्या क्लबसाठी असेल तर दोन्ही घ्या, पण क्रम असा: आधी तयार संच, मग किट. मुलांनी हवेत एकदा उत्तर ऐकलं की सोल्डरिंगला बळ येतं. उलट क्रमात निम्मी मुलं गळतात.

आणि आपत्तीत मदत करायची म्हणून परवाना काढला असेल तर तयार संचच. भुजच्या २००१ च्या भूकंपात हॅम मंडळींनी संदेश पोचवले, ते रात्रंदिवस चालणाऱ्या भरवशाच्या यंत्रांवर. आपलं पहिलं किट अशा वेळी दुसऱ्याच्या जिवाच्या भरवशावर लावू नये.

तयार संच घेताना

वापरलेला संच विकणाऱ्याच्या घरी जाऊन, डमी लोड बरोबर नेऊन बघा. प्रत्येक बँडवर ट्रान्समिट करायला लावा आणि त्याच्या वॅटमीटरवर बँडगणिक आकडे लिहून घ्या. एका बँडवर शक्ती पडत असेल तर फिल्टर किंवा रिलेचा दोष. ट्यूनिंगचा मोठा नॉब हळू फिरवून आकडे उड्या मारतात का ते पहा. झाकणाच्या स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर आत कोण गेलं होतं ते विचारा. वास घ्या. जळका रेझिस्टर वर्षानुवर्षं वास सोडतो. मूळ बिल, विकणाऱ्याच्या परवान्याची प्रत आणि सिरियल नंबर लिहिलेली पावती, तिन्ही हवं. जो परवाना न विचारताच संच द्यायला तयार आहे, त्याच्याकडून घेऊ नका.

किट जुळवताना

पाकीट फोडलं की लगेच आयर्न तापवू नका. पहिली संध्याकाळ भाग मोजण्याची. चहाच्या ट्रेमध्ये कागदी वाट्या मांडा, प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरने मोजून त्याच्या वाटीत. रंगांवर विसंबू नका. तपकिरी आणि लाल पट्टी ट्यूबलाइटखाली एकच दिसते. मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकदा वाचा, मगच सुरुवात.

डिसेंबर ते एप्रिल पुण्याची हवा कोरडी असते आणि अंगावर स्थिर वीज साठते. मॉसफेट जातीच्या ट्रान्झिस्टरच्या गेटला तेवढी ठिणगी पुरते. नायलॉनचे कपडे नकोत, आणि भागाला हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श करा. आयआरएफ५१० हा मॉसफेट वापरलेल्या किटमध्ये आणखी एक जपा: त्याची धातूची पाठ ही ड्रेनला, म्हणजे त्याच्या एका पायाला, जोडलेली असते. दोन मॉसफेट एकाच हीटसिंकवर किंवा डब्याला कसायचे असतील तर मध्ये वीज अडवणारी मायका आणि स्क्रूला प्लॅस्टिकची टोपी हवीच. नाहीतर पहिल्याच क्षणी सप्लाय शॉर्ट.

सोल्डर करताना आधी पॅड आणि पाय दोन्ही तापवायचे, मग तार लावायची. जोड चमकदार, शंकूसारखा हवा. गोळी बसली असेल तर तो ड्राय सोल्डर आहे, तिथेच पुन्हा करा. नंतर शोधणं फार महाग पडतं. हे मी भोगून सांगतोय. माझ्या दुसऱ्या संचात रिसीव्हर सुरेख चालायचा, ट्रान्समिटला मात्र काही मिलिवॅट. मी तीन आठवडे ट्रान्झिस्टर, बायस, अँटेना सगळं संशयाने पाहिलं. शेवटी एका ज्येष्ठ हॅम काकांनी येऊन पहिला प्रश्न विचारला, "अरे, ड्रायव्हरच्या ट्रान्सफॉर्मरची टोकं बोर्डाच्या खालून मोजलीस का?" नव्हती मोजली. एका टोकाचं इनॅमल एका बाजूला तसंच राहिलं होतं. वरून सोल्डर बसल्यासारखं दिसत होतं, आत जोडच नव्हता. तेव्हापासून प्रत्येक कॉइल सोल्डर झाल्या झाल्या पॅडपासून पॅडपर्यंत बीप घेतो.

वीज जोडायचा क्रम हा. आधी सप्लायच्या सॉकेटवर ओहम मोजा. शून्याजवळ असेल तर थांबा. बेंच सप्लायचा करंट लिमिट मॅन्युअलमधल्या रिसीव्हच्या आकड्याच्या दुप्पट ठेवा आणि चालू करा. करंट लिमिटला भिडला तर बंद, शोधा. सुरळीत असेल तर रेग्युलेटरचे व्होल्टेज मोजा, मग तार लावून ऐका. रिसीव्हर नीट बोलू लागेपर्यंत ट्रान्समिटच्या भागाकडे बघायचंही नाही.

ट्रान्समिट फक्त डमी लोडवर. बायसचे प्रीसेट, म्हणजे मॉसफेटचा करंट ठरवणारे छोटे स्क्रू, आधी किमान स्थितीत आणा, मग एकेक हळूहळू वाढवत मॅन्युअलने सांगितलेला करंट येऊ द्या. मायक्रो-बिटएक्सला प्रत्येक मॉसफेटमागे १०० मिलिअँपिअर. घाईने फिरवला की मॉसफेट जातो.

हवेत जाण्याआधी एक काम उरतं, आणि तयार संचवाल्याला ते सहसा करावं लागत नाही: बाहेर पडणारा संकेत स्वच्छ आहे का ते बघणं. सात मेगाहर्ट्झचा ट्रान्समीटर चौदा, एकवीस, अठ्ठावीसवरही थोडं थोडं ओरडतो, आणि तो आवाज लो-पास फिल्टर दाबतो. फिल्टरची कॉइल एका वेढ्याने चुकली तर तुमची शक्ती कमी होते किंवा दुसऱ्याच्या बँडवर जाते. आपल्या जिल्ह्यात खोडदजवळ जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशातले अतिक्षीण संकेत ऐकत असतात. आपला दोन मीटरचा संकेत त्यांच्या परिसरात केवढा गोंगाट ठरेल याचा विचार नारायणगाव-जुन्नरकडे ट्रेकला जाताना करा आणि तिथे हँडहेल्ड बंद ठेवा. घरच्या किटसाठी टायनीएसए हा छोटा स्पेक्ट्रम ॲनालायझर मिळवा, स्वतःचा नसेल तर कुणा हॅमचा तासाभरासाठी मागा. डमी लोडवरून पुरेसा ॲटेन्युएटर (संकेत कमी करणारा जोड) लावून हार्मोनिक, म्हणजे हे पटीतले संकेत, मोजा; ते मूळ संकेताच्या निदान ४३ डेसिबल खाली असावेत. नसतील तर फिल्टरचे वेढे पुन्हा मोजा.

हे सगळं झालं की एका वहीत संचाचे आकडे लिहून ठेवा: रिसीव्हला किती करंट, प्रत्येक रेग्युलेटरवर किती व्होल्ट, प्रत्येक बँडवर डमी लोडवर किती व्होल्ट, तारीख. एखाद्या दमट श्रावणात संच अचानक मुका होईल, तेव्हा आयर्नआधी ही वही उघडायची आणि पहिल्या ओळीपासून एकेक आकडा पुन्हा मोजत जायचं.